आधी टोकं बघ, मग सेल

हे बघ भाच्या, गिऱ्हाईक काउंटरवर बॅटरी ठेवतं आणि म्हणतं, ‘मामा, सेल गेला, नवा टाका.’ मान डोलवायची, पण नवा सेल लगेच काढायचा नाही. पाट तुंबला असताना विहिरीला दोष देण्यातला हा प्रकार आहे. वीज सेलमध्ये असते, वाटेत कुठेतरी अडलेली असते. आणि अडते कुठे, तर जिथे दोन धातू एकमेकांना नुसते टेकलेले असतात तिथे. साध्या ॲल्युमिनियमच्या टॉर्चमध्ये अशा जागा मोज: स्प्रिंग आणि सेलचं बूड, सेलचं डोकं आणि वरची चकती, मागचं टोपण आणि नळी, नळी आणि पुढचं डोकं, शिवाय स्विचच्या पोटातली पत्ती. एवढ्यांपैकी एक रुसली की अंधार.

हत्यार हातात घ्यायच्या आधी विचारायचं, बंद पडली कशी? ‘आपटली की लागते’ म्हणाला तर जोड ढिला आहे, सेलचा विषय सोड. ‘रोज थोडी थोडी मंद होत गेली’ म्हणाला तर सेल किंवा चार्जिंग बघ. डोक्याला बांधायची बॅटरी ‘मान फिरवली की जाते’ म्हणाला तर वायर जिथे डब्यात शिरते तिथे आतून तुटलेली असते. वरचं प्लास्टिक शाबूत दिसतं म्हणून फसू नकोस, बोटाने वाकवून बघ. आपली निम्मी गिऱ्हाइकं रात्रीच्या लाइटला दारं धरायला जाणारी. बांधावर साप आडवा असताना बॅटरी लुकलुकली तर काय होतं ते त्यांना विचार. म्हणून ‘चालतंय तात्पुरतं’ असं काम त्यांना द्यायचं नाही.

मग ड्रॉवरमधला आपला खात्रीचा सेल टाकून बघायचा. मोकळ्या सेलला मीटर लावून निकाल देऊ नकोस. ते 18650 नंबरचे लिथियम सेल, म्हणजे 18 मिलिमीटर जाड आणि 65 मिलिमीटर लांब, भरल्यावर 4.2 व्होल्ट दाखवतात. पण म्हातारा झालेला सेलसुद्धा मोकळा असताना रुबाबात 4 दाखवतो आणि ओझं पडलं की बसतो. आपल्या सेलवरही टॉर्च लागली नाही, तर आता टोकं.

मागचं टोपण काढ. सेलचं सपाट बूड दिसेल आणि भोवती नळीची उघडी कड. जाड तांब्याच्या वायरचा तुकडा घेऊन बूड आणि कड जोड. लख्ख लागली, तर सेल, नळी, एलईडी सगळं ठीक. दोष टोपणात, म्हणजे स्प्रिंग किंवा स्विचमध्ये. नाही लागली, तर पुढच्या डोक्याकडे जायचं. एवढ्या एका तुकड्याने अर्धी टॉर्च संशयातून सुटते. फक्त बूड ऋण बाजूचं आहे ना, हे आधी बघ, आणि वायरचं दुसरं टोक भलतीकडे टेकू देऊ नकोस.

नळीची ती कड नीट बघ. आट्यांवर जो काळा, करडा मुलामा असतो त्यातून वीज जात नाही. ती जाते फक्त कडेच्या चकचकीत उघड्या भागातून. शेतातली माती आणि जुनं ग्रीस तिथेच बसतं. स्पिरिटचा बोळा फिरव, काळं निघेल, पुन्हा फिरव, बोळा पांढरा येईपर्यंत. बऱ्याचदा दुरुस्ती तिथेच संपते. त्याचे पैसे मागायला तुला संकोच वाटेल. माग, पण सेलचे मागू नकोस.

स्प्रिंगला पॉलिश पेपर लावायचा नाही. हातात पहिल्यांदा तोच येतो, मला ठाऊक आहे. घासलं की लगेच छान लागते, पण वरचा निकेलचा थर जातो आणि पावसाळ्यात खालचं लोखंड गंजतं. साधा खोडरबर वापर. रिमोटमध्ये, भिंतीवरच्या घड्याळात अल्कलाइन सेल फुटून पांढरी भुकटी जमते, ती क्षारी असते. कापसावर दोन थेंब लिंबू घेऊन टिप, मग ओल्या बोळ्याने पूस, मग स्पिरिट, आणि पूर्ण वाळू दे. लिंबू तिथेच राहिलं तर तेच पत्ती खाईल. भुकटी लागलेलं बोट डोळ्याला लावू नकोस. स्प्रिंग एकदा तापून मऊ पडली असेल तर ताणून बसवू नकोस, बदल. ताणलेली महिन्याभरात परत बसते.

मीटरची बीप ऐकून जोड पास करायचा नाही. बऱ्याच मीटरांत तीसेक ओहम असले तरी बीप वाजते. आपल्याला त्रास देणारा जोड असतो शून्य पूर्णांक काहीतरी ओहमचा. टॉर्च 2 अँपिअर घेते असं धर आणि एका टोकाला 0.2 ओहम अडथळा आहे. तिथे 0.4 व्होल्ट खाल्ले जातात, आणि 0.8 वॅट त्या टिकलीएवढ्या जागेत उष्णता होऊन बसते. म्हणून पाच मिनिटं लावून ठेव आणि बोटाने चाचप. डोकं तापणारच, तिथे एलईडी आहे. पण टोपण तापलं तर चोर सापडला.

मोटरसायकलला हेच मीटरवर दिसतं. एक टोक बॅटरीच्या खुंटाला, दुसरं त्यावर आवळलेल्या वायरच्या लगला, आणि गिऱ्हाइकाला स्टार्टर दाबायला सांग. काटा शून्याजवळ राहिला तर जोड चांगला. अर्धा व्होल्ट दाखवला तर बॅटरी बदलायची गरज नाही, जोड साफ करून आवळायची आहे. सोडताना आधी ऋण, लावताना शेवटी ऋण. नाहीतर पान्हा चेसिसला टेकला की ठिणगी.

आवळण्यावरून आठवलं. शहरातली पोरं ती वाफ ओढायची इलेक्ट्रिक सिगारेट घेऊन येतात. 2019 च्या कायद्याने आपल्याकडे तिची विक्री, आयात, साठवण सगळं बंद आहे. आली तर हात न लावता परत दे. पण तिच्यातही दुखणं तेच: आटे जोरात पिळले की मधली बारीक पिन आत दाबली जाते आणि टेकायचीच थांबते. मग ते आणखी पिळतात. टॉर्चचं टोपणही असंच पिळणारे लोक आहेत. घट्ट बसलं म्हणजे टेकलं असं नाही.

सोल्डरचे जोड भिंगाखाली बघ. डागाभोवती केसाएवढं वर्तुळ दिसलं तर तो ड्राय सोल्डर. नुसतं वरून शिसं थापू नकोस, फ्लक्स लावून पुन्हा वितळव. मात्र लिथियम सेलच्या बुडाला सोल्डरिंग आयर्न कधीच टेकवायचं नाही, आतला पडदा उष्णतेने जातो. वायर हवीच असेल तर वेल्ड केलेली पट्टी असलेला सेल माग. सेलवरचं प्लास्टिकचं वेष्टन फाटलेलं दिसलं तर टॉर्च देण्याआधी नवं चढव, कारण त्या सेलचा पूर्ण पत्रा ऋण असतो आणि धनाचं डोकं त्याच्यापासून दोन मिलिमीटरवर.

फुगलेला किंवा चेपलेला सेल मात्र कितीही व्होल्ट दाखवू दे, परत बसवायचा नाही. गिऱ्हाईक भांडेल, भांडू दे. दोन्ही टोकांना चिकटपट्टी लाव आणि वाळूच्या डब्यात बाजूला ठेव. आणि दुकान बंद करताना मीटरची लाल वायर 10 अँपिअरच्या भोकातून काढून व्होल्टच्या भोकात घाल, नाहीतर सकाळी घाईत कुणी सेलला लावली तर सरळ शॉर्ट होईल.