संमतीवाचून वसुली

ज्या रकमेसाठी कोणी शहाणा मनुष्य न्यायालयाची पायरी चढणार नाही, इतकेच काय, जिच्यासाठी अर्धा दिवस मोडणेही त्याला परवडणार नाही, तेवढीच रक्कम नेमकी हेरून ती लक्षावधी माणसांच्या खात्यांतून त्यांच्या नकळत उचलण्याचा एक व्यवसाय मोबाइल दूरध्वनीच्या आश्रयाने आपल्या देशात वाढला. त्याची झळ मला पोहोचली तेव्हा जे कळले आणि जे करावे लागले, ते इतरांच्या उपयोगी पडावे एवढ्याच हेतूने हे लिहीत आहे.

माझी उभी नोकरी जिल्हा कोषागारात गेली, आणि दररोजचा खर्च रात्री वहीत मांडण्याची तेथील सवय निवृत्तीनंतरही सुटली नाही. २०१४ च्या पावसाळ्यात मोबाइलच्या खात्यातील शिल्लक आणि माझी वही यांचा मेळ बसेना. शोध घेता, राशिभविष्य कळविणारी कोणतीशी सेवा महिन्याच्या बोलीने माझ्या नावे सुरू झाली असून तिच्यापोटी ३० रुपये वजा झाल्याचा इंग्रजी संदेश, जाहिरातींच्या गर्दीत दडलेला, हाती लागला. राशिभविष्य मी कधी वाचत नाही. ते संदेशाने मागविण्याचा प्रश्नच नव्हता. मागणी नाही, करार नाही, सही नाही, आणि तरीही वसुली मात्र पुरी झालेली, हा प्रकार कोषागारात आयुष्य काढलेल्या माणसाला रकमेहून अधिक बोचला.

आमच्या आळीत भाजी घेऊन येणाऱ्या मावशींशी बोलताना मी सहज हा विषय काढला, तर त्या म्हणाल्या, “दादा, माझा बी फोन पैसं खातो. धा रुपयं टाकलं की दुसऱ्या दिशी बॅलन्स न्हाई. कुणाला फोन बी केलेला नसतो.” फोनच पैसे खातो, हे त्यांनी ऊनपावसासारखे गृहीत धरले होते. कर आणि प्रक्रियाशुल्क वजा जाता दहा रुपयांच्या रिचार्जमधून आधीच कमी टॉकटाइम हाती येतो. त्यातलाही उरलेला जर कोणी न विचारता नेला, तर परगावी कामाला असलेल्या मुलाला आई दोन शब्द बोलू शकत नाही. माझे ३० रुपये गेले त्याने माझे काही अडले नाही. त्यांचे दहा गेले त्याने अडले. आलेला संदेश इंग्रजीत, वाचणारी बाई मराठीही अडखळत वाचणारी. ही वसुली सर्वाधिक कोठे सुखाने चालत असेल हे मला त्या दिवशी उमगले, आणि तेव्हापासून हा विषय मी सोडलेला नाही.

या व्यवहाराची घडण समजून घेतल्याखेरीज त्याचा प्रतिकार करता येत नाही. टेलिव्हिजनवरील गाण्यांच्या आणि प्रश्नमंजूषांच्या स्पर्धांनी पाचअंकी क्रमांकावर संदेश पाठविण्याची लोकांना सवय लावली. अशा संदेशाचे मोल साध्या संदेशाच्या कितीतरी पट असे, पण तेथे पाठविणारा निदान आपल्या हाताने पाठवीत होता. पुढे विनोद, क्रिकेटचे धावफलक, भजने, भविष्य आणि कॉलर ट्यून यांची महिनेवारी वर्गणी निघाली, आणि ही वर्गणी घेण्याचे दरवाजे इतके सैल ठेवले गेले की माणूस आत शिरला हे त्याचे त्यालाही समजू नये. पडद्यावर एकाएकी एक चौकट झळकते, खाली ‘ओके’ असते, आणि ती चौकट घालविण्यासाठी दाबलेले बटण हीच संमती ठरते. ध्वनिमुद्रित आवाजाचा फोन येतो, ‘एक दाबा’ म्हणतो, आणि फोन खिशात ठेवताना दाबला गेलेला आकडाही मागणी म्हणून नोंदला जातो. दुसऱ्याला फोन लावला असता कानी पडणारे गाणे, एक कळ दाबताच आपल्या खात्यावर येऊन बसते. इंटरनेट आल्यावर जाहिरातीवर पडलेले बोटही पुरेसे झाले.

सेवा पुरविणारी संस्था एक आणि पैसे कापणारी मोबाइल कंपनी दुसरी, ही या घडणीतील खरी मेख आहे. वसूल झालेल्या पैशात दोघींचा वाटा, आणि त्यातही मोबाइल कंपनीचा मोठा. त्यामुळे ग्राहकाने खरोखरच मागणी केली होती का, हे तपासून पाहण्यात दोघींपैकी कोणाचेच हित नाही, आणि तक्रार आली तर मात्र प्रत्येकीला दुसरीकडे बोट दाखविता येते. मौन हे संमतीचे लक्षण होय, असे आपल्याकडे म्हणतात. परंतु ज्याला काही विचारलेच गेले नाही त्याच्या मौनावरून संमती अनुमानणे हे कोणत्याही नीतिशास्त्रात बसत नाही.

दूरसंचार नियामक प्राधिकरण, म्हणजे ज्याला सर्वजण ‘ट्राय’ म्हणून ओळखतात, त्याने या प्रकाराकडे डोळेझाक केली होती असे म्हणणे अन्यायाचे होईल. २०१२ च्या ग्राहकसंरक्षण विनियमांनी, अशा सेवेपोटी रक्कम कापताच सेवेचे नाव, कापलेली रक्कम आणि उरलेली शिल्लक ग्राहकाला संदेशाने कळविण्याचे बंधन घातले. आणि १० जुलै २०१३ च्या निर्देशाने दुहेरी संमतीचा नियम आणला, ज्यानुसार ग्राहकाने एकदा होकार दिल्यावर त्याची पुन्हा स्वतंत्रपणे खातरजमा झाल्यावाचून सेवा सुरू करता येत नाही व पैसेही घेता येत नाहीत. चालू सेवा बंद करण्यासाठी १५५२२३ हा सर्व कंपन्यांना समान असा निःशुल्क क्रमांकही ठरविण्यात आला. नियम चांगला होता. उणीव होती ती त्या नियमाच्या आधारे हिशेब मागणाऱ्यांची.

मी मदत केंद्राला फोन लावला तेव्हा पलीकडील तरुणाने अत्यंत अदबीने सांगितले, “सर, रिक्वेस्ट आपल्याच नंबरवरून आलेली आहे.” येथे बहुतेक माणसे गप्प होतात, कारण आपल्याच घरातील कोणी पोराने काही दाबले असेल अशी शंका त्यांच्या मनात येते. मी एवढेच विचारले, की पहिली संमती कोणत्या तारखेस, किती वाजता, कोणत्या मार्गाने मिळाली, आणि दुसरी केव्हा व कशी, हे मला नोंदीवरून सांगावे. उत्तर आले नाही. तक्रारीचा क्रमांक मात्र मी मागून घेतला व वहीत लिहिला. यथावकाश ‘आपली सेवा बंद करण्यात आली आहे’ असा संदेश आला आणि तक्रार निकाली निघाल्याचे दाखविण्यात आले. परंतु सेवा बंद होणे निराळे आणि नाहक घेतलेली रक्कम परत मिळणे निराळे. पहिल्यावर समाधान मानून ग्राहक निघून जातो, आणि यावरच हा सारा व्यवहार तगून राहतो.

म्हणून मी अपिलात गेलो. प्रत्येक मोबाइल कंपनीला आपले अपील प्राधिकरण नेमावे लागते. तक्रारीचा निर्णय अमान्य असल्यास किंवा मुदतीत निर्णयच न मिळाल्यास ३० दिवसांच्या आत तेथे अर्ज करता येतो, अपील ३९ दिवसांत निकाली काढावे लागते, आणि त्यास कोणतेही शुल्क नाही. मी अर्जात राग व्यक्त केला नाही. तारीख, रक्कम, सेवेचे नाव, तक्रार क्रमांक, आणि दोन्ही संमतींच्या नोंदी सादर कराव्यात अथवा रक्कम परत करावी, ही एकच मागणी लिहिली. रक्कम खात्यात परत आली. नोंदी आल्या नाहीत. त्या का आल्या नाहीत याचा बोध मी करून घेतला.

मावशींच्या फोनवरून १५५२२३ वर ‘स्टॉप’ असा संदेश पाठविला तेव्हा उत्तरादाखल चालू सेवांची यादीच आली. त्या सर्व बंद झाल्या. पैसे मात्र फक्त ताज्या कपातीचे परत मिळविता आले, कारण जुन्या कपातींचे संदेश त्यांच्या फोनमध्ये उरले नव्हते. दिरंगाईने किती हानी होते ते यावरून दिसेल. कपात लक्षात आल्यापासून चोवीस तासांच्या आत तक्रार नोंदवावी, संदेश पुसू नये, आणि संशय जुना असेल तर प्रीपेड ग्राहकासही मागील ६ महिन्यांच्या आतील तपशीलवार हिशेब मागता येतो व त्यासाठी कंपनीला ५० रुपयांहून अधिक घेता येत नाहीत, हे ध्यानी ठेवावे. अनोळखी पाचअंकी क्रमांकाला ‘थांबवा’ असेही उत्तर पाठवू नये. त्या उत्तराचेही पैसे पडू शकतात. १९०९ वर नाव नोंदविले म्हणजे आपण सुरक्षित झालो, हाही समज सोडावा. ती नोंद जाहिराती अडविते. आधीच सुरू झालेली वर्गणी तिने थांबत नाही.

अपिलातही दाद लागली नाही तर काय, या प्रश्नाचे उत्तर दीर्घकाळ निराशाजनक होते. १८८५ च्या तार अधिनियमातील कलम ७ ब वर बोट ठेवून सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये दिलेल्या निर्णयाचा आधार घेऊन, दूरध्वनीची गाऱ्हाणी ग्राहक मंचापुढे चालत नाहीत असे कंपन्या सांगत असत. फेब्रुवारी २०२२ मध्ये त्याच न्यायालयाने ग्राहक मंचांचा अधिकार निःसंदिग्धपणे मान्य केला, आणि ती वाट आता मोकळी आहे. १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन तत्पूर्वीची सोपी पायरी होय, आणि अल्प रकमेच्या बाबतीत पुष्कळदा तेवढ्यानेच काम होते.

अमर्याद कॉलच्या योजना आल्यापासून प्रीपेड खात्यात शिल्लक ठेवण्याचे कारण फारसे उरलेले नाही, म्हणून ती ठेवूच नये, म्हणजे कापण्याजोगे काही राहणार नाही. पोस्टपेड ग्राहकाने मात्र एकूण आकडा पाहून बिल भरून टाकू नये. इतर सेवांच्या रकान्यात खेळाची, गाण्यांची वा चित्रफितींची वर्गणी आहे का ते दरमहा पाहावे, आणि बिलावर खरेदीचे पैसे चढविण्याची सोय नको असल्यास ती बंद करण्यास कंपनीला लेखी कळवावे. संदेशांच्या प्रेषकनामाच्या शेवटी २०२५ पासून एक अक्षर येऊ लागले आहे; ते ‘पी’ असेल तर संदेश जाहिरातीचा आहे, एवढे घरातील वृद्धांना दाखवून ठेवावे. आणि ज्यांना इंग्रजी वाचता येत नाही अशा आपल्या ओळखीच्या माणसांचा फोन, त्यांच्या परवानगीने, त्यांच्यासमोर बसून एकदा तपासावा. १५५२२३ वर संदेश पाठवून यादी मागविण्यास एक पैसाही पडत नाही.