मुक्त आज्ञावलीचे घर आणि दार

ज्या संगणक आज्ञावलीची मूळ संहिता कोणासही वाचता, वापरता, दुरुस्त करता आणि इतरांना देता येते, ती मुक्तस्रोत आज्ञावली होय. अँड्रॉइड भ्रमणध्वनीच्या गाभ्याशी असलेले लिनक्स आणि कार्यालयीन लेखनासाठी वापरले जाणारे लिब्रेऑफिस ही तिची परिचित उदाहरणे. जगभर विखुरलेल्या माणसांच्या श्रमांतून अशा आज्ञावल्या वाढतात. साहजिकच, संहिता ठेवावयाची कोठे आणि बाहेरच्या माणसाने सुचविलेली दुरुस्ती कोणत्या मार्गाने स्वीकारावयाची, असे दोन प्रश्न उपस्थित होतात. वरकरणी ते एकच वाटतात. परंतु तसे नाही.

पहिल्या प्रश्नाची तीव्रता २००५ नंतर बरीच कमी झाली. लिनक्सचे काम त्यावेळी बिटकीपर या खासगी साधनावर चालत असे. त्याचा विनामूल्य वापर मालकाने थांबविला, तेव्हा लिनस टोरवाल्ड्स यांनी त्याच वर्षी एप्रिलमध्ये गिट हे नवे साधन तयार केले. गिटमध्ये काम करणाऱ्याच्या संगणकावर संहितेची, तिच्या संपूर्ण इतिहासासह, प्रत असते. गावाचे दप्तर केवळ चावडीत न राहता त्याची पूर्ण नक्कल प्रत्येक सदस्याच्या घरी असावी, तसा हा प्रकार आहे. चावडी बदलली तरी दप्तर हरवत नाही.

मात्र नक्कल होते ती संहितेची. चुकांच्या नोंदी, त्यांवरील चर्चा, एखादी सूचना का नाकारली गेली याची कारणे, हे सर्व संस्थळाच्या मालकाच्या कोठारात राहते आणि तेथून हलविणे सायासाचे असते. पायथॉन या संगणकभाषेची संहिता फेब्रुवारी २०१७ मध्ये स्वतःच्या सर्व्हरवरून गिटहब या संस्थळावर नेण्यात आली. नवख्या सहभागी व्यक्तींची सोय हा त्यामागील एक प्रमुख विचार होता. चुकांची नोंदवही मात्र तेथे जाण्यास २०२२ साल उजाडले.

सोयीला किंमत असतेच. गुगल कोड ही २००६ मध्ये सुरू झालेली सेवा मालकाच्या निर्णयाने जानेवारी २०१६ मध्ये बंद झाली. गिटहब कंपनी मायक्रोसॉफ्टने २०१८ मध्ये साडेसात अब्ज डॉलरना विकत घेतली. पुढच्याच वर्षी अमेरिकेच्या निर्बंध कायद्यांमुळे इराण, सीरिया आणि क्रिमिया येथील सदस्यांच्या खासगी भांडारांवर बंधने आली. सार्वजनिक संहिता त्यांना पाहता येत होती, आणि इराणपुरती ही बंधने २०२१ मध्ये उठली. तरीही दाराची किल्ली कोणाकडे आहे, हे त्या प्रसंगाने सर्वांना दिसले.

या बाबतीत लिब्रेऑफिसची व्यवस्था अभ्यासण्यासारखी आहे. डॉक्युमेंट फाउंडेशन ही संस्था संहितेतील बदल स्वतःच्या गेरिट व्यवस्थेतून तपासते. गिटहबवर ठेवलेली प्रत केवळ पाहण्यासाठी आहे. भाषांतरासाठी वेबलेट हे निराळे दार आहे. मेनूमधील एखादा मराठी शब्द चुकीचा आहे हे ज्या शिक्षकाच्या ध्यानी येईल, त्याला तो सुधारून सुचविण्यासाठी संहितेचे एक अक्षरही शिकावे लागत नाही. मराठीच्या दृष्टीने हे दार पहिल्याइतकेच मोलाचे आहे. दुर्दैवाने आपल्याकडे त्याची माहिती फारच थोड्यांना असते.

केंद्र शासनाने २०१५ मध्ये शासकीय आज्ञावलींची संहिता खुली करून सहकार्याने विकास साधण्याचे धोरण जाहीर केले. त्या कामासाठी ओपनफोर्ज हे व्यासपीठ आहे. आरोग्य सेतूच्या अँड्रॉइड आवृत्तीची संहिता मे २०२० मध्ये गिटहबवर, तर सर्व्हरकडील संहिता त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ओपनफोर्जवर प्रसिद्ध करण्यात आली.

जिल्हा पातळीवर तयार होणाऱ्या लहान आज्ञावलीसाठी स्वतंत्र सर्व्हर उभारणे व तो सांभाळणे सहसा परवडत नाही. अशा वेळी ओपनफोर्ज किंवा मोठे सार्वजनिक संस्थळ निवडण्यास हरकत नसावी. मात्र चुकांच्या नोंदवहीची नक्कल ठराविक काळाने आपल्या दप्तरी घ्यावी, दुरुस्ती कोठे पाठवावी हे आज्ञावलीच्या परिचयपत्रातच मराठीतून नमूद करावे आणि आलेल्या सूचनेस उत्तर देण्याचे काम एखाद्या कर्मचाऱ्याकडे नावानिशी सोपवावे.