महागड्या गाडीची काच बदलताना: पैसे कुठे जातात, गॅरेज कसं निवडायचं

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर पुढच्या डंपरच्या चाकाखालून वाटाण्याएवढा खडा उडतो, ‘टक्’ असा आवाज होतो आणि पुढच्या काचेवर कोळ्याचं जाळं उमटतं. रोजच्या वापरातल्या छोट्या गाडीचं असं झालं तर त्याच दिवशी काच बदलून माणूस घरी येतो. पोर्शे, जॅग्वार किंवा लॅम्बोर्गिनीच्या मालकाला मात्र पहिला फोन कुणाला करायचा, इथपासून प्रश्न असतो. काच कधी येईल, कितीला पडेल, बसवणाऱ्यानं अशी गाडी पूर्वी हाताळली आहे का, यांची उत्तरं जाहिरातीत सापडत नाहीत.

माझ्या मावसभावानं जर्मन बनावटीची जुनी दोनदारी गाडी हौसेनं घेतली. पुढची काच फुटली तेव्हा त्यानं सर्वांत स्वस्त कोटेशन देणारं गॅरेज निवडलं. काच छान बसली, चकचकीत दिसली. जून उजाडला आणि डावीकडचं कार्पेट ओलं लागू लागलं. कुबट वास आला, मग डॅशबोर्डवर एकेक दिवा पेटायला लागला. पाणी कार्पेटखालच्या इलेक्ट्रॉनिक युनिटपर्यंत पोचलं होतं. काच पुन्हा काढली तेव्हा कारण समजलं. जुना गोंद खरवडताना पत्र्याचा रंग निघाला होता, त्यावर प्राइमर न लावताच नवा गोंद ओढला होता. पत्रा गंजला आणि गोंद सुटला. दुरुस्तीचं बिल वाचवलेल्या पैशांच्या कितीतरी पुढे गेलं.

तेव्हापासून कुणीही विचारलं की मी एकच सांगतो: काचेइतकंच तिच्या कडेचं काम पाहा. काच डोळ्यांना दिसते, कडेचं काम दिसत नाही. म्हणून ते आधी विचारून घ्यावं लागतं.

काच बदलायलाच हवी का?

पुढची काच लॅमिनेटेड असते. काचेच्या दोन थरांमध्ये पीव्हीबी नावाचा चिवट पडदा असतो, त्यामुळे ती तडकली तरी जागेवर राहते. टवका छोटा असेल, चालकाच्या नजरेसमोर किंवा अगदी कडेला नसेल आणि आतला थर शाबूत असेल, तर त्यात रेझिन भरून दुरुस्ती होते. खर्च साधारण ५०० ते २,००० रुपये. लाखाची काच वाचत असेल तर हा पर्याय पहिल्यांदा तपासा. खडा लागताच टवक्यावर पारदर्शक चिकटपट्टी लावा, म्हणजे धूळ-पाणी आत जाणार नाही. उन्हात तापलेल्या काचेवर गार पाणी मारू नका, एसीचा झोतही थेट सोडू नका. अशा झटक्यानं टवक्याचा तडा होतो आणि दुरुस्तीची संधी जाते.

दाराच्या आणि मागच्या काचा बहुधा टफन्ड असतात. त्या फुटल्या की बोथट दाण्यांचा सडा पडतो. त्यांची दुरुस्ती होत नाही, बदलाव्याच लागतात. दाराची काच फुटली असेल तर दाराच्या पोकळीतले दाणे व्हॅक्यूमनं काढणं कामात धरलं आहे का, ते विचारा. राहिलेले दाणे नव्या काचेवर ओरखडे ओढतात.

गाडीला नेमकी कोणती काच लागते?

एकाच मॉडेलच्या पुढच्या काचेचे चार-पाच प्रकार असू शकतात. पावसाचा सेन्सर, लेन ओळखणारा कॅमेरा, आवाज अडवणारा थर, उष्णता परतवणारं कोटिंग, हेड-अप डिस्प्ले, या प्रत्येक सोयीनं काच बदलते. हेड-अप डिस्प्लेच्या काचेतला मधला थर पाचरीसारखा, एकीकडे किंचित जाड असतो. त्या जागी साधी काच बसवली तर वेगाचे आकडे दोन-दोन दिसतात. म्हणून काच मागवताना मॉडेलचं नाव पुरेसं नसतं. चासी नंबर द्या आणि जुन्या काचेच्या कोपऱ्यातल्या शिक्क्याचा फोटो द्या.

तो शिक्का वाचायला शिका. त्यात बनवणाऱ्या कंपनीचं नाव, काच लॅमिनेटेड आहे की टफन्ड, आणि कोणत्या मानकात बसते हे असतं. वर्तुळातलं ‘ई’ हे अक्षर आणि शेजारचा आकडा युरोपीय मान्यतेचा असतो: १ म्हणजे जर्मनी, २ फ्रान्स, ३ इटली. भारतीय मानक आहे आयएस २५५३. गाडीच्या कंपनीला काच पुरवणाऱ्या कारखान्याचीच, पण गाडीच्या कंपनीचा लोगो नसलेली काच बाजारात मिळत असेल, तर ती बऱ्याचदा पुष्कळ स्वस्त पडते. कॅमेरा किंवा हेड-अप डिस्प्ले असेल तर मात्र त्या काचेत तेच ब्रॅकेट आणि तोच थर आहे, हे विक्रेत्याकडून लेखी घ्या.

केंद्रीय मोटार वाहन नियम १०० प्रमाणे पुढच्या-मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचेतून किमान ५० टक्के प्रकाश आरपार जायला हवा. परदेशातून मागवलेली गडद बाजूची काच या नियमात बसत नसेल, तर दंड तुम्हालाच भरावा लागेल.

काही हलक्या स्पोर्ट्स गाड्यांची मागची ‘काच’ मुळात काच नसतेच. पोर्शे ९११ जीटी३ आरएसच्या ९९७ पिढीत ती पॉलिकार्बोनेटची होती. त्यावर साधा ग्लास क्लीनर आणि खरखरीत फडका चालत नाही. हे गॅरेजवाल्याला ठाऊक आहे का, हीच त्याची पहिली परीक्षा.

बिलात काय काय असतं?

पुढचे आकडे ढोबळ आहेत. तुलना करताना एकूण रकमेपेक्षा ओळीनिहाय कोटेशन मागा.

• काच: इथल्या छोट्या गाडीची पुढची काच ५ ते १० हजारांत बसून मिळते. भारतात जोडल्या जाणाऱ्या जर्मन सेडानची काच अधिकृत केंद्रात साधारण ५० हजार ते दीड लाख. पूर्ण बांधून आयात झालेल्या स्पोर्ट्स गाडीची दोन लाखांच्या पुढे सुरू होते.
• वाहतूक: मर्सिडीज चाकणला आणि ऑडी छत्रपती संभाजीनगरजवळ शेंद्र्याला जोडली जाते. अशा मॉडेलची काच देशातल्या साठ्यात असण्याची शक्यता जास्त. आयात गाडीची काच समुद्रमार्गे यायला काही आठवडे लागतात. विमानानं लवकर येते, पण लाकडी खोक्यातली मोठी काच जागा अडवते आणि भाडं चढतं. वाटेत फुटली तर जबाबदारी कुणाची, हे आगाऊ रक्कम देण्याआधी ठरवा.
• गोंद, प्राइमर, बीडिंग, क्लिपा: रक्कम लहान, पण इथे काटकसर नको. जुनी बीडिंग पुन्हा लावणार असतील तर कारण विचारा.
• मजुरी: साध्या गाडीला दीड-दोन हजार, महागड्या गाडीला त्याच्या कैक पट. मजुरीवर १८ टक्के जीएसटी वेगळा.
• कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन: साधारण ५ ते २५ हजार. कोटेशनमध्ये ही ओळच नसेल तर ती नंतर निघते, किंवा काम होतच नाही.

कुणाकडे जायचं?

*अधिकृत सर्व्हिस सेंटर.* गाडी वॉरंटीत असेल, कॅमेरा-सेन्सर बरेच असतील किंवा काच कॅशलेस विम्यातून बदलायची असेल, तर इथेच जा. दर सर्वांत जास्त. मात्र काही केंद्रं काचेचं काम बाहेरच्या कारागिराला देतात. प्रत्यक्ष काच कोण बसवणार, हे इथेही विचारा.

*काचेचंच काम करणारी केंद्रं.* यांचा हात रोजच्या सरावाचा असतो, आणि गोंद लावण्याची शिस्त बऱ्याचदा इतरांपेक्षा चांगली असते. भारतात जोडलेल्या जर्मन गाड्यांसाठी हा व्यवहारी पर्याय आहे. तुमच्याच मॉडेलचं काम केलं आहे का, आणि कॅलिब्रेशन कुठे करतात, एवढं पाहा.

*महागड्या गाड्यांची स्वतंत्र गॅरेजं.* जुन्या, उत्पादन थांबलेल्या गाड्यांना यांचाच आधार. काच शोधण्याचे त्यांचे धागेदोरे दूरवर असतात. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा पुण्याच्या नाना पेठेत सुट्या भागांसाठी फिरणारी ही माणसं असतात. व्हिंटेज गाडीची सपाट पुढची काच लॅमिनेटेड शीटमधून कापून मिळते. टफन्ड काच एकदा तयार झाली की कापता येत नाही. तिचा साचा देऊन आधी काच कापावी लागते आणि मग टफन करून घ्यावी लागते. ‘घासून बसवतो’ असं कुणी म्हणालं तर तिथून निघा.

काम देण्याआधी विचारायचे सहा प्रश्न

१. गोंद कोणता, आणि गाडी किती वेळानं चालवायची? उत्तरात पॉलियुरेथेन गोंदाचं नाव आणि त्या उत्पादनाचा ठरलेला वेळ यायला हवा. हा गोंद हवेतल्या ओलाव्यानं पक्का होतो. उत्पादन आणि हवामानाप्रमाणे त्याला तासाभरापासून कित्येक तास लागतात. डावीकडची एअरबॅग उघडताना पुढच्या काचेचा आधार घेते. काच सुटली तर तो आधारच राहत नाही. या प्रश्नावर ‘लगेच न्या’ असं उत्तर मिळालं तर काम देऊ नका.

२. जुना गोंद कसा काढता? चांगला कारागीर तारेनं किंवा योग्य पात्यानं काच सोडवतो आणि पत्र्यावर जुन्या गोंदाचा पातळ थर ठेवतो. नवा गोंद त्यावर उत्तम धरतो.

३. रंग खरवडला गेला तर काय करता? ‘प्राइमर लावतो, तो वाळू देतो, मगच गोंद’ हे उत्तर हवं. कोकणच्या किंवा मुंबईच्या दमट हवेत इथूनच गंज सुरू होतो.

४. डॅशबोर्ड, लेदर आणि बॉनेट झाकता का? बसवताना नवी काच फुटली तर जबाबदारी कुणाची?

५. कॅलिब्रेशन कुठे होईल आणि छापील अहवाल मिळेल का? काही गाड्यांना समतल जागेवर ठरावीक अंतरावर फलक ठेवून ते करतात, काहींना रस्त्यावर चालवून, तर काहींना दोन्ही लागतं.

६. गळती आणि वाऱ्याच्या आवाजाची हमी किती दिवसांची? ती पावतीवर लिहून घ्या. निदान एक पावसाळा तरी हमीत यायला हवा.

विमा: क्लेम करण्याआधी हिशोब मांडा

बहुतेक सर्वसमावेशक पॉलिसींत काचेवर घसारा लागत नाही. रबर आणि प्लास्टिकच्या भागांवर तो ५० टक्के असतो, शून्य घसाऱ्याचं (झीरो डेप) कव्हर असेल तर तोही वाचतो. सक्तीची वजावट १,५०० सीसीपर्यंत १,००० रुपये आणि त्यावर २,००० रुपये. म्हणजे क्लेम फायद्याचाच वाटतो. पण नो क्लेम बोनसकडे पाहा.

समजा, तुमच्या गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा हप्ता सवलतीआधी १,२०,००० रुपये आहे आणि बोनस ५० टक्के, म्हणजे वर्षाला ६०,००० रुपयांची बचत. क्लेम केला की पुढच्या नूतनीकरणात बोनस शून्य, आणि त्यानंतर तो २०, २५, ३५, ४५ टक्के असा चढत पुन्हा ५० वर येतो. हप्ता तेवढाच धरला तर जादा खर्च होतो ६०,००० + ३६,००० + ३०,००० + १८,००० + ६,००० = १,५०,००० रुपये. एवढ्या वर्षांत दुसरा क्लेम आला नाही, तर ८०,००० रुपयांची काच खिशातून बदलणं स्वस्त पडलं. तीन लाखांची असेल तर क्लेम करा. तुमच्या पॉलिसीत बोनस संरक्षण किंवा काचेच्या क्लेमला सवलत असेल तर हिशोब बदलतो, म्हणून आधी पॉलिसी वाचा.

क्लेम करायचा असेल तर विमा कंपनीला कळवून पाहणी होईपर्यंत फुटकी काच काढू देऊ नका. चोरीसाठी काच फोडली असेल तर पोलिसांत तक्रार नोंदवून तिची प्रत घ्या.

गाडी ताब्यात घेताना

नव्या काचेचा शिक्का कोटेशनशी ताडून पाहा. आत बसून डोकं हळूहळू हलवा. समोरचा विजेचा खांब काचेतून वाकडा-तिकडा दिसला तर काच परत करा. वायपर आणि पावसाचा सेन्सर चालवून पाहा, दाराची काच बटणानं वर-खाली करा. चौकट नसलेल्या दाराची काच हँडल ओढताच किंचित खाली सरकायला हवी. सरकत नसेल तर तिची सेटिंग राहिली आहे. गोंद पक्का झाल्यावर तुमच्यासमोर साध्या नळीनं पाणी सोडायला सांगा आणि आतल्या कडा बोटांनी चाचपा. पहिले दोन दिवस प्रेशर वॉश नको, दार आपटायचं नाही, खिडकी बोटभर उघडी ठेवायची. फास्टॅग जुन्या काचेबरोबर गेला असेल, तर बँकेकडून नवा मागवा.

पाणी आलंच तर त्याच दिवशी फोटो-व्हिडिओ काढून गॅरेजला लेखी कळवा. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे, आणि जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. तिथे तोंडी आश्वासन उपयोगी पडत नाही. ओळीनिहाय कोटेशन, जीएसटीची पावती, हमीचा कागद आणि कॅलिब्रेशनचा अहवाल, ही चार कागदपत्रं उपयोगी पडतात.

मावसभावाच्या गाडीची काच दुसऱ्यांदा बसवली, तेव्हा कारागिरानं काच उचलण्याआधी त्याला जवळ बोलावलं, गंज घासून प्राइमर लावलेली कड दाखवली आणि तिचा फोटो काढायला लावला. त्यानंतरचे पावसाळे कोरडे गेले. तुम्हीही हा एक हट्ट धरा: नवी काच बसण्याआधी ती कड मला दाखवा. जो आनंदानं दाखवेल, त्याच्याच हाती गाडी द्या.