विजेची सूचना वेळेवर मिळण्यासाठी मोबाईलमध्ये घ्यावयाची काळजी



सोयाबीनची काढणी आणि परतीच्या पावसाचा गडगडाट बहुधा एकाच वेळी येतात. ताडकळस परिसरात या दिवसांत माणसे सकाळपासून उघड्या रानात असतात. विजेची सूचना देण्यासाठी पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने 'दामिनी' हे ॲप तयार केले आहे. आपल्या ठिकाणापासून २० व ४० किलोमीटरच्या परिसरात होणाऱ्या विजांची माहिती त्यावर मिळते. मात्र ॲप घेऊन ठेवले म्हणजे सूचना वेळेवर येईलच असे नाही. अडचण पुष्कळदा फोनमध्येच असते.

स्क्रीन बंद असतानाही ॲपला काही कामे ठराविक वेळाने करावी लागतात. उदाहरणार्थ, नवी माहिती आणणे, आपण कोठे आहोत हे पाहणे. कालव्याच्या पाण्यासारखेच हे आहे. ॲप फक्त मागणी नोंदविते, पाळी देणे फोनच्या हाती असते. अँड्रॉइड फोनमध्ये नेहमीच्या पद्धतीने १५ मिनिटांपेक्षा कमी अंतराची पाळी मागताच येत नाही आणि मागितलेली पाळीही मिनिटावर मिळत नाही. २०१५ च्या अँड्रॉइड ६ पासून तर चार्जिंगला नसलेला फोन स्क्रीन बंद होऊन एका जागी पडून राहिला, की ही कामे मागे टाकली जातात व मधून मधून एकदम उरकली जातात. बांधावर भाकरीच्या पिशवीत ठेवलेला फोन नेमका याच अवस्थेत असतो! म्हणून तो खिशात ठेवावा. तातडीचा संदेश बाहेरून पाठविला तर तो झोपलेल्या फोनलाही जागे करू शकतो, पाटकऱ्याने घरी येऊन हाक मारावी तसा. पण त्यासाठी आपला ठावठिकाणा ताजा असावा लागतो.

दुसरी गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. अँड्रॉइड ११ पासून (सन २०२०), काही महिने न उघडलेल्या ॲपच्या परवानग्या फोन आपणहून काढून घेतो. ऑक्टोबरनंतर बंद राहिलेले ॲप वळवाच्या पावसात मुके राहते ते यामुळेच. यासाठी एप्रिलमध्ये आणि पुन्हा काढणीपूर्वी ॲप उघडून पाहावे. सेटिंगमध्ये लोकेशनची परवानगी शक्य असल्यास 'नेहमी' ठेवावी, बॅटरीखाली 'अनरिस्ट्रिक्टेड' निवडावे आणि न वापरल्यास ॲप थांबविण्याची सोय बंद करावी. काही फोनमध्ये 'ऑटोस्टार्ट'ही चालू करावे लागते. नावे कंपनीप्रमाणे थोडी बदलतात. 'फोर्स स्टॉप' मात्र दाबू नये. दाबल्यास ॲप हाताने पुन्हा उघडेपर्यंत त्याच्या सर्व पाळ्या बंद होतात.

ही सवलत सरसकट सर्व ॲपना देऊ नये, बॅटरी दुपारीच संपेल. 'मेघदूत'चा जिल्हावार सल्ला मंगळवारी व शुक्रवारी निघतो. तो दोन तास उशिरा मिळाला तरी फवारणीचे नियोजन बिघडत नाही.

रेंज नसेल तर यातले काहीच चालत नाही. गडगडाट ऐकू येताच सूचनेची वाट न पाहता पक्क्या घरात जावे, झाडाखाली थांबू नये व शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटे बाहेर पडू नये.