शेजारचा बोका आणि घरची म्हातारी मनी



प्राणिमात्रांवर प्रेम करावे, हे आपण सर्वजण मानतो. परंतु ज्या प्रेमातून आपल्याला सुख मिळते आणि ज्या प्रेमातून दुसऱ्याचे हित होते, त्या दोहोंत पुष्कळदा अंतर असते. हे अंतर मला दोन मांजरांमुळे कळले. तो अनुभव आजच्या स्वाध्यायासाठी मांडत आहे.

प्रसंग

रायपूरच्या चौबे कॉलोनीत, महाराष्ट्र मंडळापासून थोड्याच अंतरावर आमचे घर आहे. घरात १४ वर्षांपासून मनी आहे. संध्याकाळी मी व्हरांड्यात वाचन करीत बसे, तेव्हा ती माझ्या खुर्चीखाली बसून राही. हा तिचा वर्षानुवर्षांचा नेम होता.

गेल्या हिवाळ्यात शेजारच्या भाभींचा बोका भिंतीवरून आमच्याकडे येऊ लागला. पिवळसर रंगाचा, तरुण, अतिशय लाघवी. पायांशी लोळायचा, मांडीवर चढायचा. मी त्याला दूध देऊ लागलो, मनीच्या वाटीतले दाणेही देऊ लागलो. संध्याकाळची वेळ हळूहळू त्याची झाली.

मनीने व्हरांड्यात येणे सोडले. ती पलंगाखाली बसून राहू लागली. कधी वाळूच्या ट्रेबाहेरच लघवी करू लागली. मी म्हणालो, "आता वय झाले." मे अखेरीस नौतपा सुरू झाला. ती फार पाणी पिऊ लागली, वाळलीही. मी म्हणालो, "उन्हाळा आहे."

एक दिवस भाभी फाटकाशी आल्या. म्हणाल्या, "भैया, आप इसको कुछ खिलाते हैं क्या? डॉक्टर ने बाहर का सब बंद कराया है." बोक्याला मूत्रमार्गाचा त्रास होता आणि त्याला ठरलेलाच आहार द्यायचा होता. बोक्यांची लघवी अडली तर एक-दोन दिवसांत जिवावर बेतू शकते. मी मात्र महिनोन्‌महिने लाडाने त्याचे पथ्य मोडत होतो.

मान खाली घालून घरी आलो आणि प्रथमच मनीकडे नीट पाहिले. दुसऱ्या दिवशी तिला पशुवैद्यांकडे नेले. रक्त तपासले. मूत्रपिंडे बरीच दुर्बल झाली होती. जास्त पाणी पिणे आणि वजन घटणे ही त्याचीच लक्षणे होती. ती माझ्या डोळ्यांसमोर होती, पण माझे डोळे भिंतीकडे लागलेले होते.

चूक कोठे झाली?

शेजारच्या मांजराशी मैत्री करण्यात चूक नव्हती. चूक दोन ठिकाणी झाली. ज्याचे मांजर त्याला मी विचारले नाही आणि जे माझ्यावर अवलंबून होते त्याच्याकडे मी पाहिले नाही.

मांजर गाल घासते तेव्हा आपला गंध त्या जागेवर ठेवते. ती तिची ओळखीची, सुरक्षित जागा होते. माझ्या खुर्चीला आणि कपड्यांना परक्या बोक्याचा गंध येऊ लागला. तरुण मांजर भांडले असते किंवा दुसरी जागा शोधती. मांजराची १४ वर्षे म्हणजे माणसाची साधारण ७२. मनीने मुकाट्याने जागा सोडली. शिवाय मांजर आपले दुखणे लपवते. त्यामुळे तिचे गप्प बसणे मला समाधान वाटले.

नव्याचे नऊ दिवस म्हणतात, पण त्या नऊ दिवसांत जुन्याचे काय होते, हे आपण विचारीत नाही. बोक्याकडून मला कौतुक मिळत होते. मनीला द्यायचे होते ते कर्तव्य. कौतुक गोड असते, म्हणून मन तिकडे धावले आणि मी त्यालाच भूतदया समजलो.

मार्जार-न्याय

रामानुजाचार्यांच्या परंपरेत पुढे दोन मते झाली. माकडाचे पिल्लू आईला घट्ट धरून ठेवते, तसे भक्ताने प्रयत्नाने भगवंताला धरावे, हा मर्कट-न्याय. मांजरीचे पिल्लू काहीच धरत नाही, आईच त्याला तोंडात उचलून नेते, हा मार्जार-न्याय. आपण नेहमी स्वतःला पिल्लाच्या जागी ठेवतो आणि भगवंताने उचलावे अशी अपेक्षा करतो.

डॉक्टरांकडून आल्यावर मनी पलंगावर चढू पाहत होती. उडी पोचली नाही. ती खाली बसून माझ्याकडे पाहत राहिली. तेव्हा जाणवले की येथे पिल्लू ती आहे आणि उचलायचे आहे मी. ज्याला धरून ठेवता येत नाही, त्याला धरण्याची जबाबदारी समर्थाची असते.

आचरणासाठी

१. शेजारच्या मांजराशी मैत्री करण्यापूर्वी त्याच्या घरच्यांशी बोलावे. न विचारता काहीही खाऊ घालू नये. दूधसुद्धा पुष्कळ मोठ्या मांजरांना पचत नाही.

२. त्याला धरू नये. खाली बसावे, टक लावून पाहू नये, डोळे सावकाश मिटावे-उघडावे, बोट पुढे करावे. यायचे की नाही, हे त्याला ठरवू द्यावे.

३. ही मैत्री घराबाहेर ठेवावी. वाट्या एक करू नयेत, कारण लाळेतून व चाव्यातून काही रोग पसरतात. दोन्ही मांजरांचे लसीकरण झाले आहे का, हे पाहावे. घरात आल्यावर हात धुवावे, कपडे बदलावे.

४. दिवसाची ठरलेली वेळ प्रथम घरच्या वृद्ध मांजराला द्यावी.

५. त्याला दर महिन्याला उचलून वजनकाट्यावर उभे राहावे, मग आपले वजन वजा करावे. सहा महिन्यांनी डॉक्टरांना दाखवावे. पलंगाशी पायरी, कमी काठाचा ट्रे आणि दोन-तीन ठिकाणी पाणी ठेवावे. दिवसभर खाल्ले नाही तर वाट पाहू नये. माणसांची औषधे कधीही देऊ नयेत. पॅरासिटामॉलने मांजर दगावते.

फलित

मनीची मूत्रपिंडे पूर्ववत होणार नाहीत. आहार व औषध चालू आहे. मी खुर्चीचे आवरण धुतले, खुर्ची पुन्हा तिच्या जागी ठेवली. एखाद्या संध्याकाळी ती उंबऱ्यापर्यंत येते, क्वचित खुर्चीखालीही बसते.

बोक्याला मी आता भाभींच्याच अंगणात भेटतो. हातात काही नसते, तरी तो येतो, पाच मिनिटे बसतो, निघून जातो. भाभींशी मात्र पूर्वी फक्त नमस्कार होता, आता मनीची विचारपूस होते.

चिंतनासाठी प्रश्न

• ज्याच्यावर मी प्रेम करतो म्हणतो, त्याचे हित मी विचारून घेतले आहे का?

• माझ्या घरात कोण मुकाट्याने आपली जागा सोडून आत जाऊन बसले आहे?

• "वय झाले" असे म्हणून मी कोणाकडे पाहणे थांबविले आहे?

दुसरा प्रश्न केवळ मांजराविषयी नाही, हे आपल्या लक्षात आले असेलच. आज संध्याकाळी बाहेर सेवेला निघण्यापूर्वी घरातल्या त्या व्यक्तीजवळ थोडा वेळ बसून पाहावे.