हजेरीत होती, अंकात नव्हती

निरोप समारंभ संपत आला होता. वडे वाटून झाले होते. दहावीची मुलं नवा कोरा अंक हातात घेऊन एकमेकांच्या सह्या गोळा करत होती. तेवढ्यात एक मुलगी माझ्यापाशी आली आणि हळूच म्हणाली, "बाई, मी यात नाहीये."

मला वाटलं, हिला पान सापडत नसेल. मी अंक घेतला, फोटोंची चारही पानं उलटली, पुन्हा पहिल्यापासून उलटली. ती खरंच नव्हती. फोटो नाही, नावही नाही. 44 जणांच्या वर्गातले 43 जण अंकात होते.

ही 2018 च्या फेब्रुवारीतली गोष्ट. विठ्ठलवाडी स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर, उल्हासनगरातल्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत मी मराठी शिकवते. त्या वर्षी मी दहावीच्या वर्गाला म्हटलं होतं, शाळेचा वार्षिक अंक निघेल तो निघेल, आपण आपल्या वर्गाचा अंक काढू आणि तो तुम्हीच काढा. मजकूर, फोटो, मांडणी, प्रुफं, छापखान्यातले खेटे, सगळं तुमचं. अमेरिकेतल्या पुष्कळ हायस्कुलांत 'इयरबुक' हा वेळापत्रकातला एक विषयच असतो, मुलं वर्षभर त्या तासाला बसून पुस्तक तयार करतात, हे मी वाचलं होतं. आमच्याकडे तसा तास नव्हता. शनिवारी शाळा सुटल्यावर आम्ही बसायचो. मुलांनी जीव ओतून काम केलं, आणि तरीही एक मुलगी बाहेर राहिली. आता कुणी शिक्षक 'वर्गाचा अंक कसा काढायचा' म्हणून विचारायला आले की मी आधी ती कशी राहिली ते सांगते.

ती ऑगस्टमध्ये आली होती. जळगावकडून. वडिलांना इथल्या जीन्सच्या गाळ्यात शिलाईचं काम मिळालं म्हणून घर हललं. हजेरीत तिचं नाव सगळ्यांत खाली पेनाने लिहिलेलं होतं. अंकासाठी आम्ही यादी घेतली ती मात्र वर्गप्रमुखाच्या वहीतली, जूनमध्ये उतरवलेली. फोटो काढले त्या दिवशी ती तापाने घरी होती. प्रुफं आली तेव्हा वर्गभर फिरली, सगळ्यांनी पाहिली, सह्या केल्या. पण प्रत्येकाने त्यात स्वतःला शोधलं. स्वतःचं नाव सापडलं, फोटो बरा आला, की प्रूफ वाचून झालं. ती तेव्हा काही बोलली नाही. मी नंतर विचारलं तर म्हणाली, "मला वाटलं, पुढच्या पानांवर असेन."

आणि एक गोष्ट, जी मला अजून बोचते. पानावर अकरा फोटो, अशी चार पानं. चौथ्या पानावर शेवटची चौकट रिकामी राहत होती. ती बरी दिसेना म्हणून तिथे मोरपिसाचं चित्र टाकलं. ते मीच सुचवलं. अकरा चोक चव्वेचाळीस हा हिशेब कागदावर माझ्यासमोर होता. रिकामी चौकट मला विचारत होती की इथलं मूल कुठे आहे, आणि मी तिच्यावर मोरपीस चिकटवलं.

आपण कुठे राहतो, हेही मी विसरले होते. उल्हासनगर हे गावच मध्येच आलेल्यांचं आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी छावणीच्या बराकींत फाळणीनंतर सिंधी निर्वासित येऊन राहिले, 8 ऑगस्ट 1949 रोजी राजगोपालाचारींनी या वसाहतीची कोनशिला बसवून तिला उल्हासनगर हे नाव दिलं. लोक अजूनही पत्ता सांगताना कॅम्प नंबर सांगतात. त्यांच्यामागून खानदेशातले आले, कोकणातले आले, उत्तरेकडचे आले. इथल्या कुठल्याही शाळेत जूनची यादी फेब्रुवारीपर्यंत तशीच राहत नाही.

म्हणून अंकाचं पहिलं काम लेख मागवणं नव्हे, यादी करणं. ती मुलाच्या वहीतून घेऊ नका, कार्यालयातल्या जनरल रजिस्टरवरून घ्या. आलेल्यांबरोबर सोडून गेलेल्यांचीही घ्या. आमच्या वर्गातला एक मुलगा दिवाळीनंतर यायचा बंद झाला, कामाला लागला. अशा मुलाचा फोटो घ्यायचा का, यावर नंतरच्या एका अंकाच्या वेळी वर्गात वाद झाला. माझं मत स्पष्ट आहे, घ्यायचा. पाच महिने शेजारी बसला तो वर्गातलाच. फोटोसाठी दोन दिवस ठेवा, दुसरा दिवस गैरहजर असलेल्यांसाठी. ज्याला फोटो नकोच असेल त्याची चौकट कोरी ठेवा आणि खाली नाव छापा. घरून संमतीची सही आणायला सांगा. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने 18 वर्षांखालच्या प्रत्येकाला बालक मानलं आहे, त्याची माहिती वापरायला पालकांची संमती लागते. पूर्वी आम्ही हौसेने सगळ्यांचे पत्ते आणि फोन नंबर शेवटच्या पानावर छापायचो. ते आता बंद करा.

प्रुफांचा एक नियम आम्ही पुढच्या वर्षीपासून केला. कुणीही स्वतःचं प्रूफ वाचायचं नाही. एक नंबरने दोन नंबरचं वाचायचं, दोनने तीनचं, आणि शेवटच्याने पहिल्याचं. नाव, फोटो, मजकूर, सगळं पाहायचं आणि त्या मुलाला जाऊन दाखवायचं. म्हणजे प्रत्येक मुलाला शोधणारं एक दुसरं मूल असतं.

नावांबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं. शाळांतल्या याद्या हल्ली संगणकावर इंग्रजीत असतात. त्यावरून मराठी नावं तयार करायची म्हणजे अंधारात चालणं. इंग्रजी लिपीला त आणि ट, द आणि ड, न आणि ण, ल आणि ळ यांतला फरक दाखवता येत नाही. साठेचा साथे होतो, दात्यांचे दाटे होतात. आमच्या स्टेशनच्या इंग्रजी पाटीवर 'टी' एकच आहे. त्यावरून विठ्ठलाचा जोडाक्षरातला ठ्ठ कुणाला सापडायचा? सिंधी आडनावांच्या शेवटी 'नी' की 'णी', हे तर आपण ठरवूच नये. दोन्ही लिहिणारी घरं इथे आहेत. मूल स्वतःच्या हाताने देवनागरीत जसं लिहील, तसं छापायचं. आम्ही आता एका कोऱ्या कागदावर प्रत्येकाकडून स्वतःचं नाव लिहून घेतो आणि तो कागद छापखान्यात मूळ प्रत म्हणून देतो.

तरीही तिथे घोळ होतो. मुलं फोनवर युनिकोडमध्ये टाइप करतात, पण अनेक छापखान्यांत अजून जुने फाँट चालतात. मजकूर एका फाँटातून दुसऱ्यात नेताना रफार उडतो, 'दुसऱ्या'चा 'दुसर्या' होतो, 'विठ्ठलवाडी' मधोमध फुटते. त्यामुळे फोनवर वाचलेलं प्रूफ धरू नका. मांडणी झाल्यावर कागदावर छापून आलेलंच वाचा. फोटोही व्हॉट्सअॅपवरून नुसते पाठवू नका. ते आपोआप लहान होतात आणि छापल्यावर चेहरे पुसट येतात. डॉक्युमेंट म्हणून पाठवा किंवा पेनड्राइव्हवर न्या. मधोमध पिन मारायची असेल तर पानं चारच्या पटीत बसवावी लागतात. हे गणित सुरुवातीलाच मांडलं, तर अखेरीस कुणाची कविता गाळायची वेळ येत नाही.

जाहिरातींबद्दल एवढंच. मुलांना दुकानोदुकानी पैसे मागायला पाठवू नका. कुणाच्या वडिलांनी पानभर दिली आणि कुणाच्या नाही, हे वर्गात लगेच कळतं.

शेलापागोट्यांचं मात्र मी पोटतिडकीने सांगते. निरोपाच्या दिवशी शेलापागोटे, म्हणजे फिशपाँड, वाचायची आपल्याकडे जुनी चाल आहे. हसणं होतं, थोडं लागतं, संध्याकाळी विसरलं जातं. आम्ही ते छापले. प्रत्येक फोटोखाली एक ओळ. अडखळत बोलणाऱ्या एका मुलाच्या फोटोखाली त्याच्या बोलण्यावरची ओळ गेली. मी ती वाचली होती. मुलंच आहेत, तोही हसतोय, म्हणून सोडून दिली होती. काही महिन्यांनी त्याची आई भेटली. म्हणाली, तो अंक घरात कुणाला दाखवत नाही. बोललेलं हवेत विरतं, छापलेलं कपाटात राहतं. अमेरिकेतल्या व्हर्जिनियाचे तेव्हाचे गव्हर्नर राल्फ नॉर्थम यांच्यावर 2019 मध्ये जाहीर माफी मागायची वेळ आली, ती 1984 च्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या इयरबुकमुळे. त्यांच्या पानावर एक वर्णद्वेषी छायाचित्र होतं. त्यात आपण नाही, असं त्यांनी दुसऱ्या दिवशी सांगितलं, पण पान त्यांच्या नावाचंच होतं. छापण्याआधीच त्या पानांवर कुणी मोठ्या माणसाने नीट नजर टाकली असती, तर बरं झालं असतं. आमच्या अंकात आता फोटोखाली दुसऱ्याची ओळ नसते. ज्याचा फोटो, त्याचीच ओळ.

आणि मराठीच्या शिक्षकांना एक विनंती. मुलांचं लेखन 'सुधारू' नका. एका मुलीने आईवर लिहिलं होतं. आई घरी जीन्सचे धागे कापते, नगावर पैसे मिळतात, रात्री निळा रंग तिच्या बोटांना असतो आणि त्याच बोटांनी ती भाकरी थापते, असं. मी त्यातली निळी बोटं काढली. मातृत्वाचा महिमा घातला, दोन सुभाषितं घातली. छापून आल्यावर ती म्हणाली, "बाई, छान आहे, पण ही माझी आई नाही." ऱ्हस्वदीर्घ दुरुस्त करा, वाक्य अगदीच तुटलं असेल तर मुलाला शेजारी बसवून त्याच्याच तोंडून पुरं करून घ्या. त्यापलीकडे हात लावू नका. ते मूळ पान माझ्याकडे राहिलं नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते, तेव्हा वसतिगृहातल्या मुलांसाठी 'छात्रालय' हे हस्तलिखित दैनिक काढत. पुढे 1928 मध्ये त्यांनी 'विद्यार्थी' मासिक सुरू केलं. शिकवण्याचं काम सांभाळून रोज हाताने दैनिक लिहायचं, तेही मोजक्या मुलांसाठी. हस्तलिखिताची ही परंपरा आपल्या शाळांत पुष्कळ वर्षं टिकली, आणि पैशांची अडचण असेल तर मी आजही म्हणेन की छपाईच्या मागे न लागता हस्तलिखितच काढा. एक प्रत, सगळा वर्ग ती हाताळतो, आणि कुणी राहिलंच तर पान जोडता येतं.

छापील प्रतींत पान जोडता येत नाही. आमच्या एकशेवीस प्रतींपैकी बऱ्याच घरी गेल्या होत्या. निरोपानंतरच्या सोमवारी आम्ही राहिलेल्या त्या मुलीचा फोटो काढला, नावासह छोट्या चिठ्ठ्या छापून आणल्या आणि उरलेल्या प्रतींत मोरपिसावर एकेक चिकटवली. गेलेल्या प्रतींसाठी मुलं घरोघर फिरली. काही सापडल्या, काही नाहीत. ती स्वतः डिंक घेऊन बसली होती. मी नको म्हटलं, तर म्हणाली, "असू द्या बाई, मीच नीट चिकटवते."

एक प्रत शाळेबाहेरही ठेवा. 26 जुलै 2005 च्या पुरात वालधुनी नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं, तेव्हा आमच्या तळमजल्यावरच्या कपाटातले जुने अंक लगद्यासारखे झाले होते. जवळच्या ग्रंथालयात विचारा. कल्याणचं सार्वजनिक वाचनालय 1864 पासूनचं आहे, अशा ठिकाणी कागद आपल्यापेक्षा जास्त टिकतो.

तुमच्या वर्गाचा अंक या वर्षी निघणार असेल, तर मुखपृष्ठाचा विचार उद्या करा. आज कार्यालयात जा, जनरल रजिस्टर उघडा आणि जूननंतर दाखल झालेली नावं आधी उतरवून घ्या.