संमिश्र कार्यपद्धती आणि उद्योगसंस्थांचे दायित्व

कार्यालयातील काम कर्मचाऱ्याच्या घरापर्यंत नेण्याची कल्पना वाटते तितकी नवीन नाही. अमेरिकेतील सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठातील संशोधक जॅक नाइल्स यांनी १९७३ साली तिला 'टेलिकम्युटिंग' असे नाव दिले. कर्मचाऱ्यांची सोय हा त्यामागील मुख्य हेतू नव्हता. लॉस एंजेलिससारख्या शहरात असंख्य माणसे रोज मोटारीने दूरवर जातात, कागद हाताळतात आणि परत येतात. माणसाऐवजी माहितीच इकडून तिकडे नेली तर इंधनाची केवढी बचत होईल, हा त्यांचा प्रश्न होता. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात अरब राष्ट्रांनी तेलपुरवठ्यावर निर्बंध घातले आणि या प्रश्नाला विशेष महत्त्व आले. काही दिवस कार्यालयात व काही दिवस घरी काम करण्याची जी संमिश्र किंवा 'हायब्रिड' पद्धती आज रूढ झाली आहे, तिचे मूळ असे इंधनाच्या काटकसरीत आहे. ती सर्वत्र पसरली मात्र मार्च २०२० मधील टाळेबंदीमुळे.

आता अनेक उद्योगसंस्था ही पद्धती पर्यावरणरक्षणाचे व सामाजिक दायित्वाचे साधन म्हणून पुढे करतात. हा दावा निराधार नाही. तथापि तो आपोआप खरा ठरतो असेही नाही, आणि म्हणूनच त्याचा हिशेब तपासून पाहणे अगत्याचे आहे.

एक लिटर पेट्रोल जळाल्यास सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड वातावरणात जातो. भारतातील एक युनिट विजेमागे हे प्रमाण सरासरी ०.७ किलोच्या आसपास पडते, कारण आपली बरीचशी वीज अद्याप कोळशावर तयार होते. दृष्टांतादाखल असे धरावे की, एका कर्मचाऱ्याचे घर कार्यालयापासून १५ किलोमीटरवर आहे. लिटरला ४५ किलोमीटर जाणाऱ्या स्कूटरवरून त्याने रोज ३० किलोमीटर प्रवास केल्यास सुमारे दीड किलो वायू बाहेर पडतो. लिटरला १५ किलोमीटर जाणारी मोटार वापरल्यास ४.६ किलो. तो घरी थांबला आणि पंखा, दिवा व लॅपटॉप एवढ्यावर त्याने दिवसभर काम केले, तर वीज साधारण सव्वा युनिट लागते व उत्सर्जन एक किलोच्याही आत राहते. येथे बचत स्पष्ट आहे. पण तोच कर्मचारी एप्रिल-मे महिन्यांत एका माणसासाठी आठ तास वातानुकूलन यंत्र चालवू लागला, तर ताशी एक युनिट धरूनही केवळ त्या यंत्रापोटी साडेपाच किलोंची भर पडते. म्हणजे स्कूटरची बचत तर बुडालीच, मोटारीचीही बुडाली.

आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने २०२० मध्ये केलेल्या विश्लेषणाचा निष्कर्षही याच धर्तीचा आहे. मोटारीने एका बाजूस सुमारे सहा किलोमीटरहून अधिक प्रवास करणाऱ्याने घरी काम केल्यास उत्सर्जन बहुधा घटते. जवळ राहणाऱ्याच्या किंवा बस-रेल्वेने येणाऱ्याच्या बाबतीत ते वाढण्याचाही संभव असतो. जेथे मोठा कर्मचारीवर्ग दुचाकीने व बसने येतो, तेथे पाश्चात्त्य देशांतील आकडे जसेच्या तसे उचलणे म्हणूनच योग्य नव्हे. तरीही अमेरिकेतील कर्मचाऱ्यांविषयी २०२३ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास उद्बोधक आहे. कॉर्नेल विद्यापीठ व मायक्रोसॉफ्ट यांच्या संशोधकांना असे आढळले की, आठवड्यातून दोन ते चार दिवस घरी काम केल्यास कामाशी निगडित उत्सर्जन ११ ते २९ टक्क्यांनी घटू शकते. एकच दिवस घरी राहिल्यास ही घट अवघी दोन टक्के भरते.

एका दिवसाने इतके थोडे का साधावे, याचे एक कारण कार्यालयाच्या इमारतीत सापडते. मध्यवर्ती वातानुकूलन असलेल्या मजल्यावर दोनशे माणसे बसोत वा चाळीस, हवा बव्हंशी तेवढीच थंड करावी लागते आणि दिवेही तेवढेच लागतात. ज्याला जो दिवस हवा तो त्याने निवडावा अशी मुभा दिल्यास मजला रोज अर्धवट भरतो व वीज कार्यालयात आणि घरी अशी दोन्हीकडे खर्च होते. ठरावीक दिवशी संपूर्ण मजला बंद ठेवला तरच ती खऱ्या अर्थाने वाचते. मात्र सर्वांनी एकाच दिवशी यायचे म्हटले, तर जागा सर्वांना पुरेल एवढीच ठेवावी लागते आणि भाड्याची जागा कमी करण्याची संधी जाते. दोन गट आळीपाळीने बोलावून निम्मी जागा सोडून देणे हा दुसरा मार्ग होय. कोणता मार्ग हितकर, हे त्या इमारतीची विजेची देयके पाहून ठरवावे. दुर्दैवाने पुष्कळदा ते केवळ व्यवस्थापकांच्या सोयीने ठरते.

लांबच्या गावी राहून अधूनमधून कार्यालयात येणाऱ्यांची गोष्ट आणखी निराळी. बेळगावात राहून पुण्यातील कंपनीचे काम करणारा कर्मचारी महिन्यातून एकदा एकट्याने मोटार घेऊन गेला, तर जाऊन-येऊन सुमारे ६८० किलोमीटरचा प्रवास होतो आणि शंभर किलोंवर उत्सर्जन होते. वरील दृष्टांतातील मोटारवाल्याच्या बावीस दिवसांच्या ये-जा करण्याइतकेच ते भरते. रेल्वेने किंवा बसने गेल्यास चित्र पालटते.

या हिशेबाची नोंद कोठे होते, हेही पाहिले पाहिजे. बाजारमूल्यानुसार पहिल्या एक हजार सूचिबद्ध कंपन्यांना सेबीने आर्थिक वर्ष २०२२-२३ पासून व्यवसाय दायित्व आणि शाश्वतता अहवाल सादर करणे बंधनकारक केले. कंपनीने स्वतः जाळलेले इंधन व विकत घेतलेली वीज यांपासूनचे उत्सर्जन त्यात आवश्यक म्हणून दाखवावे लागते. कर्मचाऱ्यांचा प्रवास व त्यांच्या घरची वीज तिसऱ्या गटात मोडते आणि त्या गटाची माहिती या अहवालात ऐच्छिक ठेवण्यात आली होती. परिणामी, कार्यालयाची वीज घटल्याचे श्रेय पहिल्या रकान्यात दिसते आणि घरोघरी वाढलेली वीज कोठेच दिसत नाही, असे घडू शकते. प्रामाणिक अहवालात दोन्ही बाजू याव्यात. हरितगृह वायूंच्या मोजणीच्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार घरून केलेल्या कामाचे उत्सर्जन कर्मचाऱ्यांच्या प्रवासाच्या सदरात धरता येते.

जी गोष्ट वायूची, तीच पैशाची. घरची वीज, इंटरनेट, टेबल-खुर्ची यांचा भार कंपनीच्या खर्चातून कर्मचाऱ्याच्या मासिक खर्चात जातो. स्वतंत्र खोली असलेल्या अधिकाऱ्याला घरचा दिवस विसाव्याचा वाटेल. दोन खोल्यांत वृद्ध व मुलांसह राहणाऱ्या कारकुनाला तसे वाटेलच असे नाही. स्त्रियांच्या बाबतीत तर घरचे काम आणि कचेरीचे काम यांमधील सीमारेषाच पुसली जाण्याचा धोका असतो.

असे असले तरी या पद्धतीचे सामाजिक लाभ मोठे आहेत. चीनमधील ट्रिप डॉट कॉम या प्रवास कंपनीत १,६१२ कर्मचाऱ्यांवर सहा महिने प्रयोग करण्यात आला. दोन दिवस घरी काम करण्याची मुभा मिळालेल्या गटात नोकरी सोडणाऱ्यांचे प्रमाण एक-तृतीयांशाने घटले व कामाच्या मूल्यमापनात कोणतीही उणीव दिसली नाही, असे २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. हा लाभ स्त्रियांना व दुरून येणाऱ्यांना विशेष झाला. भारतात प्रसूती रजेनंतर, कामाचे स्वरूप तसे असल्यास, परस्परसंमतीने घरून काम करू देण्याची तरतूद २०१७ च्या सुधारणेने कायद्यात आली. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्येही वाजवी सोयी पुरविण्याचे तत्त्व आहे. ज्याला जिना चढणे अशक्य, त्याच्यासाठी घरचे दोन दिवस म्हणजे नोकरी टिकण्याचा मार्ग ठरू शकतो.

येथे एका गैरसमजाचे निराकरण आवश्यक आहे. कंपनी अधिनियम, २०१३ च्या कलम १३५ अन्वये पात्र कंपन्यांनी मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे दोन टक्के सामाजिक दायित्वासाठी खर्च करावयाचे असतात. कर्मचाऱ्यांना घरी दिलेल्या खुर्च्या, संगणक वा इंटरनेट भत्ता यांचा खर्च त्यात दाखविता येत नाही. स्वतःच्या कर्मचाऱ्यांच्या लाभाचे उपक्रम नियमांनी वगळले आहेत. तो मालकाचा सामान्य खर्च होय.

आणि मग ज्यांना घरून काम करताच येत नाही ते राहतात: उपाहारगृहातील कामगार, सफाई कर्मचारी, पहारेकरी, बसचालक. हजेरी निम्म्यावर आली की त्यांच्या कंत्राटांना प्रथम कात्री लागते आणि तो तपशील शाश्वततेच्या प्रकरणात छापला जात नाही. बसचे उदाहरण बोलके आहे. प्रवासी घटले म्हणून कंपनीने आपली बस बंद केली, तर चालकाचे काम जाते आणि कार्यालयाच्या दिवशी तिच्यातून येणारे चाळीस जण आपापली वाहने बाहेर काढतात. कार्यालयाचे दिवस सर्वांना समान ठेवून त्या दिवशी बस पूर्ण भरून चालविणे आणि उरलेल्या दिवसांचे चालकाचे वेतन कंत्राटातच सुरक्षित करणे अवघड नाही. संमिश्र कार्यपद्धतीचा आदेश काढतानाच कंत्राटाचे हे कलमही पाहून घेतले जावे.